मृताच्या माथी मारलेला दोष

२२ डिसेंबर २०१५ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावरून सीमा सुरक्षा दलाचे एक छोटे विमान रांचीला निघाले. दुहेरी इंजिनाचे बीचक्राफ्ट सुपर किंग एअर बी-२००, नोंदणी व्हीटी-बीएसए. आत दोन वैमानिक आणि आठ कर्मचारी होते. हे कर्मचारी रांचीतल्या एमआय-१७ हेलिकॉप्टरच्या दुरुस्तीसाठी चालले होते. हवेत धुके होते. जमीन सोडल्यावर लगेचच विमान डावीकडे कलले आणि कलतच गेले. अर्धे वर्तुळ वळून, उंची गमावत ते झाडांना घासले, विमानतळाच्या बाहेरच्या भिंतीवर आदळले आणि भिंत फोडून पलीकडच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या टाकीवर कोसळले. त्याने पेट घेतला. दहाही जण गेले.

या अपघातावर दोन निकाल लागले. पहिला लोकांनी त्याच दिवशी लावला: विमान जुने होते, जवानांना भंगारात बसवून पाठवले. दुसरा चौकशी समितीच्या अहवालानंतर रूढ झाला: वैमानिकांची चूक होती. दोन्ही निकाल एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. पहिल्यात सरकार दोषी ठरते, दुसऱ्यात सुटते, असे वाटते. माझे म्हणणे असे की दोन्ही निकालांचा शेवट एकाच जागी होतो आणि दोन्हींत सरकार सुटते. पहिल्यावर उत्तर म्हणून नव्या विमानाची निविदा काढली की झाले. दुसऱ्यावर तर उत्तरच द्यावे लागत नाही, कारण आरोपी हयात नाही. विमान चालवणारी संस्था म्हणून सरकारने काय केले आणि काय केले नाही, हा प्रश्न दोन्हीकडे मधल्यामध्ये गळतो. तो गळू देता कामा नये.

आधी पहिला निकाल तपासू. श्रद्धांजलीच्या वेळी एका मृत जवानाच्या मुलीने तेव्हाचे गृहमंत्री राजनाथ सिंह यांना समोरासमोर विचारले होते की, नेहमी जवानच का मरतात आणि जुनी विमाने त्यांच्याच वाट्याला का येतात. तो प्रश्न विचारण्याचा तिचा हक्क निर्विवाद आहे. तिच्या प्रश्नाचा पहिला भाग, म्हणजे जवानाच्या जिवाची किंमत कोण करते, हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. पण त्या प्रश्नाचा आधार घेऊन पुढे जो युक्तिवाद रचला गेला, तो टिकत नाही.

विमान सुमारे वीस वर्षांचे होते. मोटारीच्या हिशेबात हे वय फार. विमानाचे आयुष्य मात्र पंचांगावर मोजत नाहीत. ते उड्डाणाच्या तासांवर, किती वेळा चढले-उतरले यावर आणि ठरल्या वेळी कोणते भाग बदलले यावर मोजतात. अमेरिकेच्या हवाई दलातली बी-५२ बाँबफेकी विमाने १९६२ नंतर बनलेली नाहीत आणि ती अजून उडतात. किंग एअर हे कुळही १९६४ पासूनचे; ते जगभर हवाई रुग्णवाहिका, टपाल, सर्वेक्षण आणि सरकारी कामासाठी वापरले जाते आणि त्याच्या नव्या आवृत्त्या अजून बनतात. व्हीटी-बीएसएच्या अपघाताचे संभाव्य कारण म्हणून चौकशी समितीने ना इंजिनाकडे बोट दाखवले, ना सांगाड्याकडे.

यंत्र खरोखर दोषी असते तेव्हा तो दोष कसा दिसतो, याचे उदाहरण समोर आहे. १९ एप्रिल १९९३ रोजी अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याचे गव्हर्नर जॉर्ज मिकलसन राज्य सरकारच्या दुहेरी इंजिनाच्या मित्सुबिशी एमयू-२ विमानातून परतत होते. सू फॉल्समधला मांसप्रक्रिया कारखाना बंद पडू नये म्हणून त्यांचे शिष्टमंडळ सिनसिनाटीला जाऊन आले होते. आयोवा राज्यात झ्विंगल गावाजवळ विमान कोसळले आणि आठही जण मृत्युमुखी पडले. तपासात पंख्याच्या मध्यभागातल्या धातूला पडलेली भेग सापडली. थकलेला धातू तुटला, पंख्याचे पाते उडाले, त्याने इंजिन आणि विमानाचा सांगाडा फाडला. धातूत ही दुर्बलता कुठून आली, ती बनावटीतली किती आणि काळाच्या ओघातली किती, इथपर्यंत तपास गेला. यंत्रदोष असा असतो: हातात धरता येतो, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येतो. नुसते वय सांगून तो सिद्ध होत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. नव्या विमानांतल्या काही यंत्रणा विमान प्रमाणाबाहेर कलले की बोलून सावध करतात. अशी यंत्रणा त्या सकाळी कामी आली असती, हे शक्य आहे. पण मग मागणी जुने विमान काढा अशी मोघम नसावी. धुक्यात उडणाऱ्या सरकारी विमानात कोणती सावधान-यंत्रणा सक्तीची असावी, अशी ती नेमकी असावी. मोघम संतापाचा सरकारला त्रास होत नाही. एक नवे विमान विकत घेतले की तो शमतो आणि जुन्याच सवयी नव्या विमानात जाऊन बसतात.

आता दुसरा निकाल. समितीचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो, म्हणून ते नीट मांडतो. उड्डाणानंतर पुरेशी उंची येण्याआधीच वैमानिकांनी ऑटोपायलट चालू केला आणि तो लावताना हेडिंग मोड, म्हणजे विमानाने कोणती दिशा धरायची ते ठरवणारी पद्धत, निवडलीच नाही. धुक्यात बाहेरचे नीट दिसत नव्हते. विमानाचा डावा कल वाढत गेला, तो कोणी सुधारला नाही. विमान १८० अंशांत वळले आणि खाली आले. घटनाक्रम म्हणून यात वावगे काही नाही.

हा कल इतका वाढेपर्यंत दोन प्रशिक्षित माणसांना कळला कसा नाही, असे कोणीही विचारील. उत्तर शरीरात आहे. आपल्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका वळण ओळखतात, पण ते सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा संथ असेल तर त्या ओळखू शकत नाहीत. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही उणीव भरून काढतात. धुक्यात क्षितिजच नसते. विमान हळूहळू कलत असते आणि खुर्चीतल्या माणसाला आपण सरळ बसलो आहोत असेच जाणवते. त्यात कललेल्या विमानाचा पंख सगळे बळ वर लावत नाही. कल ६० अंशांचा झाला की त्या बळाचा निम्माच भाग विमान तोलायला उरतो आणि विमान तरंगते ठेवायला लागणारा किमान वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. नुकत्याच उडालेल्या विमानाकडे ना जादा वेग असतो, ना जादा उंची.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ वांद्र्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात कोसळले आणि २१३ जण गेले. मुख्य वैमानिकासमोरचे विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते. त्यावर विश्वास ठेवून त्याने विमान डावीकडे, आणखी डावीकडे झुकवले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, मध्ये क्षितिज नाही. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत सगळे संपले. तिथे उपकरण चुकले होते, दिल्लीत ऑटोपायलटला दिशा दिली गेली नव्हती; पण माणसाचा कान दोन्हीकडे सारखाच मुका राहिला. ही दुर्बलता एखाद्या आळशी किंवा अडाणी वैमानिकाची नाही. ती माणसाची आहे, आणि ती विमानशास्त्राला अनेक दशके ठाऊक आहे. म्हणूनच तिच्यापासून संरक्षण देण्याची जबाबदारी वैमानिकावर जितकी असते, त्याहून अधिक त्याला तिथे बसवणाऱ्या संस्थेवर असते.

माझा आक्षेप इथून सुरू होतो. वैमानिकांची चूक या शब्दांनी घटना सांगून होते, तिचे स्पष्टीकरण होत नाही. पुरेशी उंची नसताना ऑटोपायलट लावला, हे झाले. पण का लावला? ऑटोपायलट कधी, किती उंचीनंतर आणि कोणत्या क्रमाने लावायचा, याचा लिखित नियम त्या हवाई शाखेत काय होता? तो सिम्युलेटरमध्ये, धुक्याचे चित्र समोर ठेवून, किती वेळा घोटून घेतला जात होता? एकाने बटण दाबले की दुसऱ्याने कोणती पद्धत लागली ते मोठ्याने वाचून दाखवायचे, ही सवय तिथे होती की नव्हती? कल ठरावीक अंशांपलीकडे गेला की सहवैमानिकाने काय म्हणायचे आणि उत्तर आले नाही तर काय करायचे, हे ठरले होते का? अशा धुक्यात तंत्रज्ञांना रांचीला नेणे त्याच तासाला गरजेचे आहे, हा निर्णय कोणाचा आणि तो पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला होता? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर कॉकपिटात सापडत नाही. ती उत्तरे कार्यालयांत, प्रशिक्षणाच्या नोंदींत आणि अंदाजपत्रकात सापडतात. चूक कॉकपिटात घडते, पण तिची तयारी कित्येक महिने आधी जमिनीवर होत असते.

हे माझे मत म्हणून सोडून देऊ नका. अपघात तपासाचा जागतिक नियमच असे सांगतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टानुसार तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो. दोष किंवा उत्तरदायित्व ठरवणे हा नसतो. आपल्या तपास अहवालांच्या सुरुवातीलाही हेच छापलेले असते. मग त्याच अहवालातले एक वाक्य उचलून मृत माणसावर शिक्का मारायचा आणि बाकीची पाने मिटून ठेवायची, हे त्या नियमाच्याच विरुद्ध आहे.

सरकारच मालक, सरकारच चालक आणि सरकारच तपासनीस असताना हा शिक्का किती सोयीचा ठरतो, हे न्यूझीलंडने पाहिले आहे. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी सरकारी मालकीच्या एअर न्यूझीलंडचे डीसी-१० विमान पर्यटकांना अंटार्क्टिका दाखवायला गेले आणि माउंट एरेबसवर धडकले. २५७ जण गेले. सरकारी मुख्य तपासनिसाच्या अहवालाने वैमानिकाला जबाबदार धरले. त्यानंतर न्यायमूर्ती पीटर मेहन यांचा आयोग बसला. १९८१ साली त्यांनी दाखवून दिले की विमानाच्या संगणकातला मार्ग उड्डाणाच्या दिवशी पहाटे बदलला गेला होता आणि तो बदल वैमानिकांना सांगितलाच गेला नव्हता. आपण मोकळ्या समुद्रावरून चाललो आहोत असे त्यांना वाटत होते; प्रत्यक्षात समोर डोंगर होता. बर्फ आणि ढग एकरूप झालेल्या त्या उजेडात तो दिसणेही शक्य नव्हते. न्यायालयात आणि राजकारणात या अहवालावर वर्षानुवर्षे भांडण झाले. अखेर २०१९ साली, चाळीस वर्षांनी, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सरकारच्या वतीने मृतांच्या कुटुंबीयांची माफी मागितली. एरेबस आणि दिल्ली यांची कारणे वेगळी आहेत. दिल्लीत वैमानिकांच्या हातून चूक झाली, हे मी नाकारत नाही. पण एरेबसचा धडा दोन्हीकडे लागू पडतो: ज्याचे विमान आहे, त्यानेच नेमलेल्या माणसाने दिलेला निकाल पुरेसा मानू नये.

भारतात सरकारी विमानांची अडचण आणखी खोल आहे. शिकागो करार फक्त नागरी विमानांना लागू होतो. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांच्या कामात वापरलेली विमाने ही राज्याची विमाने ठरतात आणि कराराबाहेर राहतात. सीमा सुरक्षा दल हे गृहमंत्रालयाच्या ताब्यातले केंद्रीय सशस्त्र पोलीस दल. त्याच्या विमानावर मात्र ‘व्हीटी’ ही नागरी नोंदणीची अक्षरे. असे विमान दोन डगरींवर पाय ठेवून उभे असते. नियम नागरी, पण चालवणारी यंत्रणा गणवेशातली. परवाना नागरी, पण आदेश वरिष्ठांचा. १९६९ पासून चालत आलेली ही हवाई शाखा विमान कंपनीसारखी तिकिटे विकत नाही. त्यामुळे प्रवासी तक्रार करत नाहीत, ग्राहक दुसरीकडे वळत नाहीत, विमा कंपनी हप्ता वाढवण्याची धमकी देत नाही. खासगी कंपनीला वचकात ठेवणारी ही सगळी दडपणे इथे नाहीत. ती नसतील, तर त्यांच्या जागी बाहेरच्या, कठोर आणि सार्वजनिक तपासणीची गरज दुप्पट होते. आपल्याकडे उलटे घडते: सरकारी विमान म्हटले की तपासणीचा हात सैल सोडण्याची वृत्ती बळावते.

गणवेशाचा आणखी एक परिणाम होतो. दलात आदेश पाळणे हा गुण आहे. कॉकपिटात वेळीच प्रश्न विचारणे हा गुण आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफेच्या धावपट्टीवर, धुक्यातच, दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मेले. त्यापूर्वी एका कॉकपिटात उड्डाण अभियंत्याने समोरची धावपट्टी मोकळी झाली का, अशी शंका काढली होती. ज्येष्ठ कप्तानाने ती उडवून लावली. त्या अपघातानंतर विमान जगताने ज्येष्ठाला टोकण्याचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, कारण ते आपोआप जमत नाही. ज्या संस्थेत माणूस पहिल्या दिवसापासून सलाम करायला शिकतो, तिथे हे प्रशिक्षण इतरांपेक्षा जास्त, अधिक काटेकोर आणि अधिक वारंवार द्यावे लागते.

दिल्लीचा अपघात एकटा नाही. ९ जुलै १९९४ रोजी पंजाबचे राज्यपाल सुरेंद्र नाथ राज्य सरकारच्या छोट्या विमानातून कुटुंबीयांसह प्रवास करत होते. खराब हवेत ते विमान हिमाचल प्रदेशच्या डोंगरात कोसळले आणि १३ जण मृत्युमुखी पडले. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांना घेऊन निघालेले राज्य सरकारचे दुहेरी इंजिनाचे बेल ४३० हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात पडले आणि पाचही जण गेले. चौकशीत असे दिसले की ट्रान्समिशन ऑइलच्या दाबासंबंधीच्या एका इशाऱ्यामागे लागून वैमानिक कित्येक मिनिटे हस्तपुस्तिकेत शोधाशोध करत होते आणि तोवर हेलिकॉप्टर वादळी ढगांत शिरले होते. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात निलंग्याला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन उडालेले महाराष्ट्र सरकारचे सिकोर्स्की हेलिकॉप्टर वस्तीत कोसळले, सगळे वाचले. या सर्वांची कारणे एक नाहीत. सारखी आहे ती परिस्थिती: सरकारी यंत्रणा, कधी हवामान, कधी वेळापत्रक, आणि थांबा म्हणण्याचे अवघड ओझे वैमानिकाच्या एकट्याच्या खांद्यावर.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत.

पहिला असा की, ज्याच्या हाती विमान होते त्याला दोषमुक्त करून तुम्ही बेफिकिरीला मोकळे रान देता. मी कोणालाही दोषमुक्त करत नाही. आठ सहकाऱ्यांचे प्राण हाती असलेल्या वैमानिकाची जबाबदारी मोठीच असते आणि ती मृत्यूनेही पुसली जात नाही. पण जबाबदारी ही भाकरीसारखी वाटून संपणारी वस्तू नाही. संस्थेवर टाकली म्हणून ती वैमानिकाकडून कमी होत नाही. दोघांचीही ती पूर्ण असते. फरक इतकाच की मेलेल्या वैमानिकाला आपण सुधारू शकत नाही, संस्थेला सुधारू शकतो. ज्या निष्कर्षातून काहीच सुधारता येत नाही, त्यावर समाधान मानणे हीच खरी बेफिकिरी आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा: सीमेवरच्या दलाचा कारभार चव्हाट्यावर कसा आणायचा? सीमेवर कुठे किती माणसे आहेत, हे कोणी विचारलेले नाही. ऑटोपायलट किती फुटांवर लावायचा आणि वैमानिकाने वर्षातून किती वेळा सिम्युलेटरमध्ये बसायचे, यात शत्रूला उपयोगी पडेल असे काही नाही. उलट हे लपवल्याने शत्रूऐवजी आपलेच तंत्रज्ञ मरतात.

तिसरा आक्षेप पैशाचा: लहान हवाई शाखेला सिम्युलेटर आणि स्वतंत्र प्रशिक्षक परवडत नाहीत. न परवडणारी गोष्ट करू नये, हे घरातही लागू आहे आणि सरकारातही. सुरक्षित उड्डाण परवडत नसेल, तर त्या तंत्रज्ञांना रेल्वेने रांचीला पाठवावे. दिल्लीहून रांचीला गाड्या जातात. हेलिकॉप्टर आणखी एक दिवस उभे राहिले असते. कोणाचे काही बिघडले नसते.

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. तो म्हणतो की भारतात विमान अपघातांच्या तपासासाठी वेगळा ब्यूरो आहे, कायदा आहे, नियम आहेत; आणखी काय हवे? ब्यूरो आहे, २०१२ पासून आहे. १९३४ च्या विमान कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ मध्येही त्याला स्थान आहे. पण विमान वाहतुकीचे नियमन करणारे महासंचालनालय आणि अपघाताचा तपास करणारा ब्यूरो हे दोन्ही एकाच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. नियमनातली त्रुटी हेच अपघाताचे मूळ निघाले, तर तपासनिसाला आपल्याच घराविरुद्ध लिहावे लागते. आणि विमान दुसऱ्या मंत्रालयाचे असेल, तर एका मंत्रालयाने दुसऱ्याला किती खडसावायचे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेची तपास संस्था एनटीएसबी १९६७ मध्ये परिवहन खात्याच्या छत्राखालीच जन्मली. १९७४ च्या कायद्याने तिला त्या खात्यापासून पूर्ण वेगळे केले, कारण खात्याखाली राहून खात्यावर बोट ठेवता येत नाही हे त्यांना कळले. मिकलसन यांच्या मृत्यूनंतर १९९४ साली तिथल्या संसदेने आणखी पुढचे पाऊल टाकले: सरकारी विमानांच्या अपघातांचा तपासही या स्वतंत्र संस्थेच्या कक्षेत आणला आणि सरकारी विमानांना नागरी नियमांतून मिळणारी सूट आखडून टाकली. दुसऱ्या सरकारने आठ मृत्यूंनंतर कायदा बदलला. आपल्याला दहा मृत्यू पुरेसे का वाटू नयेत?

मृतावर दोष टाकून मोकळे होण्याची घाई ही फक्त सरकारी विमानांपुरती राहिलेली नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळून २६० जण मृत्युमुखी पडले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. ते कोणी केले आणि का, हे त्या अहवालाने ठरवलेले नव्हते. तरीही घराघरांत आणि वाहिन्यांवर वैमानिकाचा न्यायनिवाडा सुरू झाला. अंतिम अहवाल येण्याआधी निकाल देणारी ही सवय आपण दिल्लीसारख्या अपघातांतून लावून घेतली आहे. वैमानिक चुकला हे वाक्य एकदा तोंडात बसले की त्यापुढचे काही विचारावेसे वाटत नाही.

मग विचारायचे काय आणि मागायचे काय? मी नेमकेच सांगतो. केंद्र आणि राज्य सरकारांच्या मालकीच्या प्रत्येक विमानाला आणि हेलिकॉप्टरला प्रवासी वाहून नेणाऱ्या खासगी कंपनीइतकेच कडक नियम लागू व्हावेत. पोलीस किंवा दल या नावाखाली एकही सवलत नको. प्रत्येक सरकारी हवाई शाखेतल्या वैमानिकाला दर वर्षी सिम्युलेटरमध्ये कमी दृश्यमानतेतले उड्डाण, ऑटोपायलटच्या चुका आणि भरकटलेला कल सावरणे याची परीक्षा द्यावी लागावी, आणि ती घेणारा परीक्षक त्या दलाच्या बाहेरचा असावा. उड्डाणाची माहिती नोंदवणारी उपकरणे सक्तीची व्हावीत आणि ती फक्त अपघातानंतर न उघडता दर महिन्याला वाचली जावीत, म्हणजे चुकीच्या सवयी मरणाआधी सापडतील. हवामान बरे नाही म्हणून उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाला जाब विचारता येणार नाही, असे लेखी संरक्षण मिळावे. मग विमानात तंत्रज्ञ बसलेले असोत वा मुख्यमंत्री. अपघात तपास ब्यूरोला मंत्रालयाच्या बाहेर काढून संसदेला उत्तरदायी करावे. आणि प्रत्येक अहवालातल्या प्रत्येक शिफारशीपुढे कोणत्या खात्याने, कोणत्या तारखेला काय केले, हे दर वर्षी संसदेच्या पटलावर ठेवले जावे.

यांतली एकही मागणी अशक्य नाही. एकीलाही नवे तंत्रज्ञान शोधावे लागत नाही. लागते ती एवढीच कबुली की विमान उडवणारा माणूस सरकारचा असतो, त्याला घडवणारी संस्था सरकारची असते आणि त्याने केलेली चूकही सरकारच्याच कारभारात घडते. व्हीटी-बीएसएच्या अहवालाने त्या चुकीचे वर्णन केले. ती पुन्हा होऊ नये म्हणून कोणत्या खात्याने काय बदलले, हे नाव, पद आणि तारखेसह लिहून देण्याचे काम आता गृहमंत्रालयाचे आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे आहे. त्या जवानाच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेच आहे, आणि ते मिळेपर्यंत तो प्रश्न आपण सर्वांनी विचारत राहिले पाहिजे.